सहावा, सातवा, आठवा पिचर: मुरलेल्या स्टार्टरशी मायनर लीग करार कसा करावा

जानेवारीच्या शेवटी बेसबॉलच्या बातम्यांत एक ओळ जवळजवळ रोज दिसते. अमुक क्लबने तमुक स्टार्टरला (सामना सुरू करणाऱ्या पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला) मायनर लीग करारावर घेतलं, स्प्रिंग ट्रेनिंगचं, म्हणजे मोसमाआधीच्या सरावाचं आमंत्रण दिलं. माणसाचं वय पस्तीस-छत्तीस, गेल्या वर्षीचा ईआरए (नऊ इनिंगच्या एका सामन्यामागे पिचरने सरासरी किती धावा दिल्या; कमी तितका चांगला) सहाच्या आसपास, मधे एखादं खांद्याचं नाहीतर कोपराचं ऑपरेशन. आपण वाचतो आणि पुढे जातो.

मीही जायचो. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला राहायला आलो आणि सवय मोडली. अ‍ॅस्ट्रोजचा ट्रिपल-ए (मेजर लीग या सगळ्यात वरच्या लीगच्या लगेच खालची पायरी) संघ इथे खेळतो. मंगळवारी संध्याकाळी गर्दी नसते, बुलपेनच्या (राखीव पिचर जिथे हात गरम करतात त्या जागेच्या) कठड्याला टेकून उभं राहता येतं, आणि एके काळी टीव्हीवर पाहिलेला माणूस हातभर अंतरावर बॉल टाकत असतो. त्याला इथे कोणी, कशासाठी आणि कुठल्या अटींवर आणून ठेवलं, हे शोधायचा मला नाद लागला. हा लेख त्या नादातून आलेला आहे.

लेख क्लबच्या बाजूने लिहिलाय. समजा, तुम्ही जनरल मॅनेजरचे मदतनीस आहात आणि नोव्हेंबर ते ऑगस्ट हे काम तुमच्या गळ्यात पडलंय. कॉम्प्युटरवर क्लब चालवण्याचे खेळ खेळणाऱ्यांना आणि नुसतंच आपल्या संघावर चिडणाऱ्यांनाही तो चालेल. माझं मत आधीच सांगून टाकतो: या व्यवहारात पिचरच्या हाताकडे बघावं, पण त्याहून जास्त कॅलेंडरकडे बघावं. पैसे किरकोळ असतात, तारखा किरकोळ नसतात.

आधी डोकी मोजा

हंगाम १६२ सामन्यांचा. पाच स्टार्टर आळीपाळीने टाकणार म्हटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला बत्तीस-तेहेतीस सामने येतात, अर्थात कागदावर. २००३ मध्ये सिअ‍ॅटल मरिनर्सने अख्खा हंगाम पाचच स्टार्टरवर काढला: फ्रेडी गार्सिया, जेमी मॉयर, जोएल पिनेइरो, गिल मेश आणि रायन फ्रँकलिन. वीस वर्षं उलटली तरी लोक ती गोष्ट अजून सांगतात, यातच काय ते आलं. २०१२ च्या सिनसिनाटी रेड्सचे १६१ सामने पाच जणांनी सुरू केले, आणि तरीही एका डबलहेडरसाठी (एकाच दिवशी दोन सामने) सहावा माणूस शोधावा लागलाच.

हे समजायला आपल्याला फार लांब जायला नको. जानेवारी २०२१, ब्रिस्बेनचं गाबा मैदान. बुमराह, शमी, ईशांत, उमेश, अश्विन, जडेजा, यातलं कोणीच नाही. नेटमध्ये गोलंदाजी करायला ठेवलेले नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर थेट कसोटीत उतरले आणि आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरने सामन्यात सात बळी काढून वर ६७ धावाही केल्या. दौऱ्यावर नेटबोलर म्हणून कोणाला न्यायचं, ही यादी महिनोन् महिने आधी कोणीतरी टेबलाशी बसून केली होती. आपला विषय ते टेबल.

तर कागद घ्या आणि नावं लिहा. पहिली पाच रोटेशनची, म्हणजे आळीपाळीने टाकणाऱ्यांची. त्याखाली दोन-तीन तरुण पोरं, ज्यांना मेजर आणि मायनर लीगमध्ये वर-खाली करता येतं. त्याखाली मुरलेले दोघे, जमल्यास तिघे. दहाच्या आसपास नावं झाली नाहीत तर झोप लागू नये. आणि एक काम प्रामाणिकपणे करा. पहिल्या पाचांपैकी ज्याने गेल्या दोन हंगामांत दीडशे इनिंग टाकलेल्या नाहीत, त्याच्या नावापुढे फुली मारा. जितक्या फुल्या जास्त, तितका सातवा-आठवा माणूस महत्त्वाचा.

चाळिसांची यादी: खरी टंचाई इथे आहे

क्लबकडे दोन याद्या असतात. रोज मैदानात उतरू शकणारे २६, त्यात पिचर जास्तीत जास्त १३. आणि त्या २६ सकट एकूण ४०. मेजर लीगमध्ये खेळायचं तर चाळिसांत नाव हवंच. ही चाळीस घरं नोव्हेंबरातच भरत आलेली असतात, आणि एकेका घरासाठी कचेरीत भांडणं होतात.

मायनर लीग करार म्हणजे माणूस आपल्या संघटनेत आहे, पण चाळिसांत नाही. घर अडत नाही. स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये तो पाहुणा म्हणून येतो, नंतर ट्रिपल-एमध्ये जातो, आणि गरज पडली तरच त्याला घर द्यायचं.

मग सगळे राखीव तरुणच का ठेवू नयेत? बहुतेक चाहते हाच प्रश्न विचारतात. तरुणाला तीन मोसम वर-खाली करता येतं, पण त्यालाही मर्यादा आहेत. २०२२ पासून एका मोसमात पाचदाच खाली पाठवता येतं, आणि खाली गेलेला पिचर पंधरा दिवस परत येऊ शकत नाही. वरच्या कुणाला दुखापत झाली तरच सवलत. शिवाय बावीस वर्षांच्या पोराला एप्रिलमध्ये घाईने वर आणलं, चार सामन्यांत तो भाजून निघाला आणि त्याची स्लायडर (वळणारा बॉल) जुलैपर्यंत बिघडली, हे नुकसान कुठल्याच हिशेबाच्या वहीत येत नाही. मुरलेल्या माणसाला झोडपलं तर तो बर्फ लावतो, जेवतो आणि पाच दिवसांनी परत उभा राहतो. निम्मे पैसे तर यासाठीच मोजलेले असतात.

माणूस कुठे सापडतो

इथे फार रेंगाळत नाही. ज्यांना क्लबने नवा करार दिला नाही ते, ऑपरेशनमधून परतणारे, जपान-कोरियाहून घरी येऊ पाहणारे, अटलांटिक लीगसारख्या स्वतंत्र लीगमध्ये टाकणारे, आणि डॉमिनिकन, व्हेनेझुएला, पोर्तो रिको, मेक्सिको इथल्या हिवाळी लीगमधले. शेवटचा गट माझा आवडता. कारण बाकीच्यांचे जुने आकडे बघावे लागतात, हिवाळी लीगवाला डिसेंबरात प्रत्यक्ष टाकताना दिसतो.

आमच्या शुगर लँडचंच उदाहरण. २०१२ मध्ये इथे स्वतंत्र लीगचा संघ होता. त्यात स्कॉट काझमिर टाकत होता. ह्यूस्टन भागातलाच मुलगा, दोनदा ऑल-स्टार (मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडलेला), आणि अठ्ठाविसाव्या वर्षी सगळ्यांनी सोडून दिलेला. त्याचा इथला ईआरए पाचच्या वर होता. (त्याच उन्हाळ्यात पन्नाशीचा रॉजर क्लेमन्सही इथे टाकून गेला, म्हणून गर्दी व्हायची ती क्लेमन्ससाठी.) हिवाळ्यात पोर्तो रिकोत काझमिरचा वेग परत आला. क्लीव्हलँडने मायनर लीग करार दिला. २०१३ मध्ये त्याने २९ सामने सुरू केले, १५८ इनिंगमध्ये १६२ जणांना स्ट्राइकआउट केलं, आणि मग ओकलंडने त्याच्याशी दोन वर्षांचा दोन कोटी २० लाख डॉलरचा करार केला.

हात कसा पारखायचा

पहिला नियम, ईआरए झाकून ठेवा. काझमिरचा पाहिला असता तर कोणी फोनही केला नसता.

त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. एक, तो फलंदाजांना चकवतो का? स्ट्राइकआउट (फलंदाजाला चकवून बाद करणं) किती आणि वॉक (फुकट दिलेला बेस) किती, यातलं अंतर बघा. दोन, हात शाबूत आहे का? वैद्यकीय कागद मागवा आणि डॉक्टरांचं मत स्काउटच्या मतापेक्षा वर ठेवा. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: गेल्या वर्षापेक्षा यंदा काय वेगळं आहे? याचं एका वाक्यात उत्तर देता आलं नाही तर सही करू नका. ‘अनुभव आहे’ हे उत्तर नाही. अनुभव गेल्या वर्षीही होता.

आनिबाल सांचेझ बघा. २०१७ मध्ये डेट्रॉइटकडून ईआरए ६.४१. मिनेसोटाने छोट्या करारावर घेतलं आणि मार्च २०१८ मध्ये सोडूनही दिलं. काही दिवसांत अटलांटाने मायनर लीग करार केला. तिथे त्याने कटर (शेवटी किंचित वळणारा वेगवान बॉल) फेकायचं प्रमाण वाढवलं, आणि मोसम संपला तेव्हा ईआरए होता २.८३. पुढच्या हिवाळ्यात वॉशिंग्टनने त्याला दोन वर्षांचे एक कोटी ९० लाख दिले, आणि २०१९ च्या विजेत्या संघात तो होता. त्याच्यात काय वेगळं होतं, ते ‘कटर’ या एका शब्दात सांगता येतं. असा शब्द सापडला पाहिजे.

आर. ए. डिकीचा शब्द होता ‘नकलबॉल’, म्हणजे जवळजवळ न फिरता डगमगत जाणारा संथ बॉल. या माणसाच्या उजव्या कोपरात हाडं धरून ठेवणारा मुख्य लिगामेंटच नव्हता. १९९६ मध्ये हे कळल्यावर टेक्सस रेंजर्सने ८ लाख १० हजार डॉलरचा प्रस्ताव ७५ हजारांवर आणला. पुढे त्याने साधी पिचिंग सोडून नकलबॉल धरला. मेट्सने त्याला २०१० च्या मोसमासाठी मायनर लीग करार दिला तेव्हा तो पस्तिशीचा होता. एप्रिलच्या शेवटी, बफेलोच्या ट्रिपल-ए संघाकडून त्याने पहिल्या फलंदाजाला सिंगल (एका बेसची हिट) दिली आणि त्यानंतरच्या सलग २७ जणांना बाद केलं. मेमध्ये वर आला, १७४ इनिंग टाकल्या, ईआरए २.८४. दोन वर्षांनी साय यंग, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, आणि तो पुरस्कार मिळवणारा तो पहिलाच नकलबॉलवाला.

अशी गोष्ट दर वर्षी घडत नाही. दर वर्षी घडते ती दुसरी. हुलिओ तेहेरान, दोनदा ऑल-स्टार, एप्रिल २०२४ मध्ये मेट्सकडून एकच सामना टाकला, तिसरी इनिंगही पूर्ण झाली नाही, आणि संपलं. म्हणून एकाच माणसावर जीव टाकू नका. समजा, अशा प्रत्येकाच्या उपयोगी पडण्याची शक्यता चारात एक आहे. तिघांना घेतलं तर निदान एकजण तरी कामाला येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते, साधारण ५८ टक्के. पाच जण का नाही घेत? ते पुढे सांगतो.

कागदावर काय लिहायचं

आता मुख्य भाग. करारात दोन पगार असतात. खाली असताना एक, वर आल्यावर दुसरा. वरचा पगार वर्षाचा म्हणून लिहितात, पण मिळतो दिवसांच्या हिशेबाने. मोसम साधारण १८६ दिवसांचा. करारात १५ लाख डॉलर लिहिले असतील तर दिवसाला सुमारे ८,०६५ डॉलर पडतात. माणूस तीस दिवस वर राहिला तर दोन लाख ४२ हजारांच्या आसपास. २०२५ मधला किमान पगार ७ लाख ६० हजार होता, म्हणजे कोणालाही वर आणलं तरी दिवसाला चार हजारांहून जास्त लागणारच होते. फरक तेवढाच. म्हणून पगारावर एजंटशी ताणत बसू नका. तो पंधरा लाख मागत असेल तर पंधरा लाख द्या, आणि त्याच्या बदल्यात तारीख मागा.

तारीख म्हणजे ऑप्ट-आउटची. ठरलेल्या दिवशी क्लबने वर आणलं नाही तर ‘मी चाललो’ म्हणण्याचा पिचरचा हक्क. क्लब आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२२ च्या सामूहिक करारात काही अनुभवी खेळाडूंसाठी या तारखा पक्क्याच केल्या आहेत. ज्याची मेजर लीगमध्ये सहा वर्षं भरली आहेत, जो गेला मोसम मेजर लीगच्या यादीत संपवून बाहेर पडला आणि ज्याने मोसम सुरू व्हायच्या किमान दहा दिवस आधी सही केली, त्याला तीन संधी: मोसमाच्या पहिल्या दिवसाच्या पाच दिवस आधी, १ मे आणि १ जून. यात तुम्ही काटछाट करू शकत नाही. जे या व्याख्येत बसत नाहीत, त्यांच्याशी तारखा बोलून ठरवाव्या लागतात, आणि तिथे तुमची अक्कल दिसते.

क्लबला तारीख उशिरा हवी असते, पिचरला लवकर. माझा सल्ला, जूनच्या मध्याकडे ढकला आणि त्याच्या बदल्यात दुसरं काहीतरी सोडा. दोन कलमं देण्यासारखी आहेत. एक, दुसरा क्लब त्याला चाळिसांत घ्यायला तयार असेल तर आपण घर द्यायचं किंवा वाट मोकळी करायची. दुसरं, जपान-कोरियातून बोलावणं आलं तर अडवायचं नाही. ही दोन्ही कलमं द्यायला क्लब कचरतात. मला ते समजत नाही. ज्याला दुसऱ्याकडे घर मिळतंय त्याला आपण ट्रिपल-एमध्ये डांबून ठेवलं, तर पुढच्या जानेवारीत कुठला एजंट आपला फोन उचलेल?

तारखेची ताकद बघायची तर जॉनी क्वेटो. २०२२ च्या एप्रिलमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने त्याला मायनर लीग करारावर घेतलं, कारण त्यांचा स्टार्टर लान्स लिन याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. छत्तीस वर्षांचा, वर आला तर ४२ लाख डॉलरच्या दराने. शार्लटच्या ट्रिपल-ए संघाकडून त्याचा ईआरए पाचच्या वर होता. मी मित्रांत बसून ‘संपलेला माणूस’ म्हणून हसलो होतो. मेच्या मध्याला त्याची ऑप्ट-आउटची तारीख आली आणि क्लबला ठरवणं भाग पडलं. १६ मे रोजी तो कॅन्सस सिटीत उतरला. तेच शहर, जिथे २०१५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (विजेता ठरवणाऱ्या अंतिम मालिकेत) त्याने अख्खा सामना एकट्याने टाकला होता. सहा इनिंग, एकही धाव नाही. मोसमअखेर सुरू केलेले २४ सामने, १५८ इनिंग, ईआरए ३.३५. ती तारीख करारात नसती तर शार्लटचे आकडे बघत क्लबने त्याला आणखी किती आठवडे तिथेच बसवलं असतं, कोण जाणे.

एजंटला काय सांगायचं

एजंट एकच गोष्ट विचारतो: माझ्या माणसाच्या पुढे रांगेत कितीजण आहेत? खोटं बोलू नका. यादी उघडी असते, तोही ती बघूनच फोनवर बसलेला असतो. म्हणून पाच-पाच मुरलेले गोळा करता येत नाहीत. चौथ्याच्या एजंटला रांग दिसते आणि तो दुसरीकडे जातो. ज्या क्लबच्या पहिल्या पाचांत फुल्या जास्त, त्याच्याकडे चांगले म्हातारे जातात.

२०११ चे यँकीज आठवा. त्यांना हवा असलेल्या स्टार्टर क्लिफ लीने डिसेंबरात फिलाडेल्फिया निवडलं, फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांच्याच अँडी पेटिटने निवृत्ती जाहीर केली. सगळ्यात श्रीमंत क्लब, आणि रोटेशनला भगदाड. तिथे मायनर लीग करारावर आले बार्टोलो कोलोन आणि फ्रेडी गार्सिया. वर आल्यास कोलोनला ९ लाख, गार्सियाला १५ लाख डॉलर. कोलोन २००५ चा साय यंग विजेता, पण २०१० मध्ये मेजर लीगमध्ये एक बॉलही टाकलेला नव्हता. त्याला हिवाळ्यात डॉमिनिकन लीगमध्ये पाहिलं होतं टोनी पेन्याने. पेन्या तिथल्या संघाचा मॅनेजर आणि यँकीजचा बेंच कोच, म्हणजे आपलाच माणूस. एप्रिलमध्ये रोटेशनमधल्या फिल ह्यूजचा हात थकला आणि बुलपेनमधला कोलोन रोटेशनमध्ये आला. मेच्या शेवटी ओकलंडविरुद्ध त्याने पूर्ण सामना टाकून शटआउट केला, म्हणजे एकही धाव दिली नाही. मोसमअखेर कोलोनच्या १६४ इनिंग, ईआरए ४.००, गार्सियाच्या १४६, ईआरए ३.६२. दोघांनी मिळून ५१ सामने सुरू केले, आणि यँकीज ९७ विजयांसह विभागात पहिले आले.

त्याच वसंतात तिसराही होता, केव्हिन मिलवुड. मार्चमध्ये सही केली, ट्रिपल-एमध्ये गेला, आणि मेच्या सुरुवातीला ऑप्ट-आउट वापरून निघाला, कारण पुढच्या दोघांनी जागा सोडली नाही. बोस्टनकडे गेला, तिथेही खालीच राहिला, ऑगस्टमध्ये कोलोराडोकडून वर आला. यात यँकीजचं काहीच चुकलं नाही. तीन घेतले, दोन लागले, एक गेला. पुढच्या वर्षी सिअ‍ॅटलनेही त्याला असाच मायनर लीग करार दिला, आणि जून २०१२ मध्ये सहा पिचरनी मिळून टाकलेल्या नो-हिटरमधल्या (समोरच्या संघाला एकही हिट न देता संपलेल्या सामन्यातल्या) पहिल्या सहा इनिंग त्याच्या होत्या.

मार्च

पाहुण्यालाही टाकायला सामने द्या. हे सांगायची गरज वाटू नये, पण मार्चमध्ये सगळ्यांनाच इनिंग हव्या असतात आणि आमंत्रितांच्या वाट्याला मागच्या मैदानावरचे सराव सामने येतात. दोन इनिंगपासून सुरुवात करून महिनाअखेर पाच इनिंग आणि ऐंशी-नव्वद पिचपर्यंत त्याला नेलं नाही, तर एप्रिलमध्ये तो स्टार्टर म्हणून निरुपयोगी. मग तुम्ही राखीव माणूस ठेवलाय असं फक्त कागदावर म्हणायचं.

मोसमाच्या पाच दिवस आधीच्या तारखेला घाबरू नका. तो निघतो म्हणाला तर दुसऱ्या क्लबांतूनही त्याच दिवशी त्याच्यासारखे निघतात. त्या आठवड्यात बाजार भरतो. फोन जवळ ठेवा. सांचेझ असाच मार्चमध्ये मोकळा झाला होता.

खाली ठेवलेल्या माणसाची निगा

ट्रिपल-एमध्ये मंगळवार ते रविवार एकाच संघाशी सहा सामने आणि सोमवारी सुट्टी असते. त्यामुळे बरेच संघ स्टार्टरला आठवड्यातून एकदाच टाकू देतात. वर मात्र पाचव्या-सहाव्या दिवशी टाकावं लागतं. म्हणून त्याचा वार निवडताना विचार करा. वरच्या रोटेशनमधला जो सगळ्यात नाजूक, त्याच्याच दिवशी खालच्याचा दिवस लावा. त्या नाजूकाने सकाळी ‘खांदा जड वाटतोय’ म्हटलं तर खाली एक ताजा माणूस त्याच दिवसासाठी तयार असतो. दोन दिवसांचा फरक असेल तर बुलपेनची वाट लागते.

दुसरं, मैदान. शुगर लँड ज्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये आहे, तिथे आल्बुकर्की, रीनो, लास व्हेगस अशी मैदानं आहेत. आल्बुकर्की समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवर आहे; हवा विरळ, कर्व्हबॉल वळत नाही आणि साधा फ्लाय बॉल भिंतीपार जातो. अशा ठिकाणी साडेपाचचा ईआरए वाईट म्हणून माणसाला काढून टाकणं मूर्खपणा. वेग, फिरकी, चकवलेल्या बॅट, हे मोजमाप आता ट्रिपल-एमध्येही होतं. तेच बघा.

आणि माणूस म्हणून बघा. त्याची मुलं शाळेत जाणारी असतात, कुटुंब दुसऱ्या राज्यात असतं. दर पंधरवड्याला कोणीतरी वरून फोन करून ‘रांग अशी आहे, तुझा नंबर इतका’ एवढं सांगितलं तरी १ मेची तारीख पुष्कळदा न वापरता निघून जाते.

बोलावणं

मला हा क्षण एकदा जवळून पाहायला मिळाला. पिचरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अडतीसच्या आसपासचा, दाढीत पांढरे केस, उजव्या कोपरावर लांब व्रण. तीन इनिंग छान टाकल्या, चाळीसेक पिच झाल्या असतील, आणि चौथ्या इनिंगला दुसराच माणूस पिचरच्या टेकडीवर आला. माझ्या बाजूचे आजोबा म्हणाले, दुखावला वाटतं. पण डगआउटमध्ये पोरं एकेक करून त्याला मिठी मारत होती. इथल्या लोकांना मिठीचा अर्थ कळतो. दोन मिनिटांत सगळ्या रांगेत फोन बाहेर आले. वर कोणाचं तरी काहीतरी दुखत होतं.

ही मिठी मारायच्या आधी तुम्ही तीन कामं केलेली असली पाहिजेत. चाळिसांत घर मोकळं करणं: कोणी दीर्घ दुखापतीत असेल तर त्याला ६० दिवसांच्या यादीत टाका, तो चाळिसांत मोजला जात नाही. नसेल तर कोणाला काढायचं ते आदल्या आठवड्यातच ठरवलेलं हवं. सव्विसांत जागा करणं, पिचर तेराच. आणि तिसरं, या माणसाला परत खाली पाठवता येणार नाही हे समजून घेणं. पाच वर्षं भरलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय मायनरमध्ये धाडता येत नाही. हा एकेरी रस्ता आहे. म्हणून फक्त एका सामन्याची सोय करायची असेल तर आधी तरुण पोराला आणा. मुरलेल्याला तेव्हा आणा, जेव्हा किमान चार-पाच सामन्यांचं भोक पडलेलं असतं.

सोडणं आणि ऑगस्ट

दुखावलेला बरा होऊन परतला की हिशेब उलटा फिरतो. खाली पाठवता येत नाही, म्हणून डीएफए: चाळिसांतून नाव काढायचं आणि सात दिवसांत सौदा, वेव्हर (इतर क्लबांना त्याला उचलायची संधी) किंवा सुटका. या माणसांना बहुतेक वेळा कोणी उचलत नाही, आणि खाली जायला नकार देऊन मोकळं व्हायचा हक्क त्यांच्याकडे असतो. उरलेल्या पगाराचं काय, हे जानेवारीतच करारात स्पष्ट असू द्या. त्या दिवशी वाद घालणं शोभत नाही. हा फोन जनरल मॅनेजरने स्वतः करावा. त्याला बातमी मोबाइलवर वाचायला लागली तर तो परत येणार नाही, आणि परत यायला हवा असतो.

दुसऱ्याला गरज असेल तर रोख रकमेवर देऊन टाका. डॅलस कायकल २०२४ मध्ये सिअ‍ॅटलच्या मायनर लीग करारावर होता. जूनमध्ये मिलवॉकीने त्याला रोख रकमेवर घेतलं, चार सामने टाकले आणि पुढे तो जपानला चिबा लोत्ते मरिन्सकडे गेला. सगळ्यांचं काम झालं.

जुलैअखेरच्या आसपास सौद्यांची मुदत संपते, पण त्या मोसमात एकदाही चाळिसांत न आलेल्या माणसाचा सौदा त्यानंतरही होऊ शकतो. मोकळ्या माणसाला तर केव्हाही घेता येतं. प्लेऑफमध्ये वापरायचा असेल तर ३१ ऑगस्टपर्यंत तो संघटनेत हवा. २०१५ च्या ऑगस्टमध्ये बोस्टनने पस्तीस वर्षांच्या रिच हिलला लाँग आयलंडच्या स्वतंत्र संघातून असंच उचललं होतं. सप्टेंबरात चार सामने, २९ इनिंग, ३६ स्ट्राइकआउट, ईआरए १.५५. दहा वर्षांनी, २०२५ च्या जुलैमध्ये, तो पंचेचाळिसाव्या वर्षी कॅन्सस सिटीकडून उतरला. त्याचा चौदावा क्लब. तोही करार मायनर लीगचाच होता.

तो पांढऱ्या दाढीचा माणूस वर जाऊन तीन सामने टाकून डीएफए झाला. महिन्याभरात मंगळवारी मी कठड्याशी गेलो तर तो पुन्हा बुलपेनमध्ये, त्याच कॅचरला टाकत होता. मधल्या आठवड्यात मोकळा होऊन त्याने त्याच क्लबशी नवा मायनर लीग करार केला होता. या वेळच्या करारात ऑप्ट-आउटची तारीख होती १५ ऑगस्ट.